पानुमची चौदा दिवसांची वजाबाकी

साथीचा शोध कसा घ्यावा हे शिकवणारे लेखन शिक्षकांनी विचारले, तर आम्ही पीटर पानुम या डॅनिश डॉक्टरचा गोवरावरील अहवाल सुचवू. १८४६ साली फेरो बेटांवरील ७,७८२ रहिवाशांपैकी सहा हजारांहून अधिक जणांना गोवर झाला. सरकारने तिकडे पाठवलेला पानुम तेव्हा जेमतेम पंचविशीत होता.

अहवालात हवामान, घरे व आहार यांचीच वर्णने बरीच आहेत. ती कंटाळवाणी वाटतील. खरे बळ पुढे आहे. ४ जूनला एका गावचे दहा जण देवमाशांच्या शिकारीला दुसऱ्या गावी गेले. १८ जूनला त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठले. अशा नोंदी गावोगाव जुळवून पानुमने संसर्ग व पुरळ यांतील अंतर तेरा-चौदा दिवसांचे ठरवले. आधीची साथ १७८१ सालची. तेव्हा गोवर झालेल्या ज्या वृद्धांची त्याने नोंद घेतली, त्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. विषाणू ठाऊक नसताना केवळ विचारपूस व वजाबाकी यांवर हे साधले!

एक निष्कर्ष मात्र अपुरा ठरला. संसर्ग मुख्यतः पुरळ उठतानाच होतो, असे पानुमला वाटले. प्रत्यक्षात तो पुरळाच्या चार दिवस आधीपासून होतो. म्हणजे पुरळ पाहून मुलाला घरी पाठवेपर्यंत वर्गात लागण झालेली असू शकते.

लसीचा प्रश्न पानुमपुढे नव्हता, आपल्यापुढे आहे. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवर पसरला. अशा वेळी 'लस घेतलेल्यांनाही झाला, मग लस कशाला?' असे विचारले जाते. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावात १०० मुले आहेत आणि ८० जणांना नवव्या महिन्यातील एकच डोस मिळाला आहे, असे समजू. तो ८५ टक्के परिणामकारक धरला, तर त्यांतील १२ मुले असुरक्षित राहतात. लस न घेतलेली २० वेगळी. सगळ्यांना लागण झाली, तर ३२ रुग्णांत १२ लस घेतलेले! पण ते ८० पैकी १२ आहेत आणि दुसरे २० पैकी २०. अंश पाहून छेद विसरला, की लस बदनाम होते. हा १२ चा आकडा घटावा म्हणूनच सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा डोस देतात.

गोवरानंतरचा न्यूमोनिया व अतिसार लहान मुलांचे जीव घेतात. म्हणून ही चूक महागात पडते. साथीच्या बातमीत छेद क्वचितच असतो. शाळेच्या हजेरीपटात मात्र तो रोज लिहिलेला असतो.