गृहीत वेगाचा प्रश्न : ९६०० की ११५२००?

वापरकर्त्याने काहीच सांगितले नसता ऑपरेटिंग सिस्टीमने सीरियल कन्सोलचा वेग कोणता गृहीत धरावा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. दूर अंतरावरील सर्व्हर कोसळला आणि नेटवर्कचा संपर्क तुटला, म्हणजे त्याचे अखेरचे शब्द याच तारेवरून ऐकावयाचे असतात. दोन्ही टोकांचे वेग जुळले नाहीत, तर शब्दांच्या जागी निरर्थक चिन्हेच हाती लागतात. शिवाय वेग कोणता, हे त्या तारेवरूनच कळविता येत नाही. कारण तो निरोप वाचण्यासाठीही वेग आधी ठाऊक असावा लागतो. म्हणून गृहीत वेग हा मुळात एक संकेत होय.

या संकेताचे दोन पक्ष आहेत. पीसीच्या नेहमीच्या सीरियल पोर्टावर लिनक्स कर्नल, वेग सांगितला नसल्यास, सेकंदाला ९६०० बिट धरतो. फ्रीबीएसडीने मात्र २०२३ च्या १४.० आवृत्तीत ९६०० सोडून ११५२०० स्वीकारला. प्रारंभीचा व शेवटचा बिट धरून एका अक्षरास १० बिट लागतात. त्यामुळे ८० स्तंभ व २५ ओळींचा पडदा, म्हणजे २००० अक्षरे, पहिल्या वेगाने दोन सेकंदांहून अधिक काळ घेतात. दुसऱ्याने सेकंदाचा सुमारे सहावा भाग. संदेश बाहेर जाईपर्यंत कर्नल खोळंबत असेल, तर हा फरक केवळ सोयीचा राहत नाही.

तथापि ११५२०० हा आकडाही नवा नव्हे. पीसीच्या जुन्या सीरियल चिपला १.८४३२ मेगाहर्ट्झची स्पंदने मिळत. त्यांस १६ ने भागले की ११५२०० येतात. भाजक १ ठेवला तर हा वेग, १२ ठेवला तर ९६००. अर्थात दोन्ही पक्ष एकाच परंपरेचे वारस आहेत.

फ्रीबीएसडीने बूटलोडर, कर्नल आणि वापरकर्त्याचे प्रोग्राम या तिन्ही स्तरांवर एकच वेग ठेवला, हे त्या निर्णयाचे खरे श्रेय. मध्येच वेग बदलणारी प्रणाली वेगवान असूनही मुकीच ठरते. परंतु संवादाचा आरंभ ऑपरेटिंग सिस्टीम करते, हे गृहीतच सदोष आहे. तिच्या आधी फर्मवेअर बोललेले असते. एसीपीआयच्या ‘एसपीसीआर’ तक्त्यात त्याचा वेग नोंदविण्याची सोय आहे; तेथे शून्य असल्यास चालू वेग तसाच राखावा, असा अर्थ होतो.

फर्मवेअरने पोर्ट सिद्धच केले नसेल तर काय, हा आक्षेप रास्त आहे. तेवढ्या प्रसंगापुरता आकडा हवाच, आणि तेथे ११५२०० उचित ठरेल. पण जुने टर्मिनल जोडून बसलेल्याला अद्ययावतीकरणानंतर अचानक निरर्थक चिन्हे दिसू लागणे, ही किंमतही हिशेबात धरली पाहिजे. सारांश, आधीचा वेग कळत असेल तर तो राखावा. आकडा गृहीत धरावा तो केवळ अज्ञानाच्या ठिकाणी.