उस्मानाबादच्या बायकांनी दिलेलं उत्तर

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचा एक मोठा अभ्यास आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झाला, हे परभणीत सांगितलं तर पटत नाही. १९९९ ला सुरुवात, १,३१,७४६ बायका, चार गट. २००९ चा निकाल: एकदाच करायच्या एचपीव्ही तपासणीच्या गटातल्या ३४,१२६ जणींत या कॅन्सरने ३४ मृत्यू, नियमित तपासणी न मिळालेल्या ३१,४८८ जणींत ६४. ॲसिटिक ॲसिड लावून बघण्याच्या स्वस्त पद्धतीने मात्र मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही.

तरी २०१६ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी तीच स्वस्त पद्धत निवडली. मुंबईच्या अभ्यासात तिने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटवले होते, हे खरंय. पण तिथे दर दोन वर्षांनी घरापर्यंत जाऊन बायकांना बोलावलं होतं. आपल्या उपकेंद्रात तेवढं कोण करणार? मला खटकतं ते हेच. त्या ६४ जणींच्या गटाला तपासणीविना ठेवून जे उत्तर मिळवलं, ते निदान वापरायला तरी हवं होतं.