ऑडिशन कुणाची?

धर्मग्रामातील कुटुंबांना भेटी देण्यासाठी संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या धर्मगुरूला एक गोष्ट हटकून दिसते. रोझरी आटोपली, की घरातील लहानथोर सगळे दूरचित्रवाणी संचासमोर येऊन बसतात, आणि आठवड्यातील काही दिवशी त्या संचावर गाण्याची किंवा नाचाची स्पर्धा रंगात आलेली असते. अशाच एका घरी पाहुणा म्हणून मला मधली खुर्ची मिळाली. पडद्यावर एक तरुण स्पर्धक आला. अंगातला सदरा मापाचा नव्हता, केसांना तेल चोपडलेले होते, आणि परीक्षकांना नमस्कार करताना त्याच्या हातातला कागद खाली पडला. खोलीत हशा पिकला. त्याने अजून एकही स्वर लावला नव्हता. हसणाऱ्यांत मीही होतो.

चर्चकडे परतताना त्या हसण्याने माझी पाठ सोडली नाही. आपण नाटकाची समीक्षा करतो, कादंबरीची करतो, चित्रपटाची तर प्रत्येकजणच करतो. मग ज्या कार्यक्रमांसमोर आपली कुटुंबे इतके तास घालवतात, त्यांच्याकडेही कलाप्रकार म्हणून पाहायला काय हरकत आहे? त्यातही अंतिम फेरीपेक्षा ऑडिशनचे पहिले भाग लोक अधिक चवीने पाहतात, असा माझा अनुभव आहे. त्या भागांची घडण कशी असते आणि पाहणाऱ्याला ते काय शिकवतात, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ध्वनिचाचणी आपल्याला नवी नाही. डॉ. बा. वि. केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय नभोवाणीमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलावंतांची चाचणी घेऊन त्यांना श्रेणी देण्याची पद्धत कडक झाली. त्यावरून त्या काळी मोठे वाद झाले, नामवंत कलावंत रुसले. त्या पद्धतीत दोषही असतील. पण तिच्यात एक शालीनता होती. परीक्षकांनी स्वर ऐकावा, माणूस पाहू नये, असा तिचा रोख होता. आणि जो अनुत्तीर्ण होई त्याचे अपयश त्याच्यापुरते राही. शेजाऱ्याला ते कळायचे कारण नव्हते.

झी वाहिनीवर १९९५ साली ‘सा रे ग म’ सुरू झाले, तेव्हा सोनू निगम त्याचे सूत्रसंचालन करीत. त्या कार्यक्रमात आपल्यापुढे येत ते निवडलेले गायक; निवड कशी झाली हे आपण पाहत नसू. मग २००४ साली, ब्रिटनमधील ‘पॉप आयडॉल’च्या धर्तीवर, ‘इंडियन आयडॉल’ आले. मुंबईचा मराठी तरुण अभिजीत सावंत २००५ साली त्याचा पहिला विजेता ठरला, याचा आपल्याला रास्त आनंद झाला. परंतु त्या कार्यक्रमाने आणखी एक गोष्ट आपल्या घरात आणली. निवडीची खोलीच आता रंगमंच झाली होती. दाराबाहेरची रांग, छातीवरचा क्रमांक, दाराशी ताटकळणारी आई, मेजामागे बसलेले परीक्षक, आणि बाहेर येणाऱ्याचा उजळलेला किंवा काळवंडलेला चेहरा हा सगळा खेळ झाला.

या खेळातील एक मेख बहुतेक प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. हजारो उमेदवारांची रांग काही प्रसिद्ध परीक्षक स्वतः ऐकत नाहीत. त्यांच्या आधी कार्यक्रमाची माणसे उमेदवारांना ऐकतात, चाळतात आणि मोजक्यांनाच पुढे पाठवतात. मग ज्याला सुराचा गंधही नाही असा मनुष्य प्रसिद्ध परीक्षकांपर्यंत पोहोचतो कसा? तो चुकून पोहोचत नाही. त्याला ‘तुमची निवड झाली, पुढे जा’ असे सांगणाऱ्याला त्याच्या गाण्याची पूर्ण कल्पना असते. तो बिचारा आपल्या कलेची पावती मिळाली असे समजून आत जातो. त्याला बोलावलेले असते आपल्या हसण्यासाठी. अशा निरोपाला आपण साध्या मराठीत फसवणूक म्हणतो.

या प्रकारातील सर्वांत गाजलेले ऑडिशन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. स्कॉटलंडमधील वेस्ट लोदियन परगण्यातील ब्लॅकबर्न या लहान गावची सुसन बॉइल ही कॅथलिक स्त्री. तिने आपल्या वृद्ध आईची अखेरपर्यंत सोबत केली, चर्चमध्ये ती गात असे. आई २००७ साली वारली. ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ या कार्यक्रमाच्या ग्लासगो येथील ऑडिशनला ती उभी राहिली, आणि ११ एप्रिल २००९ रोजी ते प्रक्षेपित झाले, तेव्हा ती ४७–४८ वर्षांची होती. साधा पोशाख, विस्कटलेले केस, थोडे अवघडलेले बोलणे. इलेन पेजसारखी गायिका व्हायचे आहे, असे तिने सांगताच सभागृहात कुजबुज झाली. कॅमेरा लगेच प्रेक्षकांतील एका तरुणीकडे वळला. तिने डोळे फिरवले. मग सुसन गाऊ लागली. पहिल्याच ओळीला सभागृह अवाक झाले, लोक उभे राहिले, परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आले. ‘आम्ही सारेच हिच्या विरोधात होतो,’ अशा अर्थाची कबुली एका परीक्षक स्त्रीने तिथेच दिली.

मीही ती चित्रफीत पाहून गहिवरलो होतो, हे लपवीत नाही. त्या स्वराविषयी मला शंका नाही. शंका आहे ती आपल्या गहिवराविषयी. ती फीत पुन्हा एकदा लक्षपूर्वक पाहावी. गाण्याआधीचा जवळजवळ प्रत्येक क्षण आपल्याला तिच्याविषयी तुच्छता वाटावी अशाच रीतीने जोडला आहे. एरवी कार्यक्रम जुळवणाऱ्यांना तिचा आवाज आधीच ठाऊक होता. अंधारात होतो ते आपण. प्रथम आपल्याकडून पाप करवून घ्यायचे, आणि दोनच मिनिटांत त्याची क्षमाही पदरात टाकायची, अशी ही रचना आहे. विंगेतील सूत्रसंचालक कॅमेऱ्याकडे वळून ‘तुम्हांला हे अपेक्षित नव्हते ना?’ असे विचारतो, तेव्हा तो जणू आपल्याला पापनिवेदनाला बसवतो. पण या पापनिवेदनात प्रायश्चित्त नाही. आपण रडतो, आणि रडलो म्हणून आपण सज्जन आहोत असे समजून झोपी जातो.

आणखी एक गोष्ट मला बोचते. सुसनने गायिलेले गाणे ‘ले मिझराब्ल’ या संगीतिकेतील आहे. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरून ती रचलेली आहे. हे गाणे फँटिन या पात्राच्या तोंडी येते. आपल्या मुलीसाठी कष्ट करणारी ही स्त्री. कारखान्यातील सोबतिणी तिची कुचेष्टा करतात, तिचे गुपित चव्हाट्यावर आणतात, आणि ती कामावरून काढून टाकली जाते. त्यानंतर ती आपल्या मोडलेल्या स्वप्नांविषयी गाते. म्हणजे कुचेष्टेने उद्ध्वस्त झालेल्या स्त्रीचे गाणे, नुकतीच कुचेष्टा करून झालेल्या सभागृहापुढे, जिची कुचेष्टा झाली तीच स्त्री गात होती. गाण्याचा आशय श्रोत्यांवरच उलटला होता, आणि टाळ्यांच्या कडकडाटात तो कुणाला ऐकू आला नाही.

आता खरा प्रश्न विचारू या. समजा, सुसन बॉइल बेसूर गायली असती, तर? मग ते डोळे फिरवणे योग्य ठरले असते काय? कार्यक्रमाचे उत्तर उघड आहे. आपल्या पश्चात्तापाचे कारण तिचा आवाज चांगला निघाला, एवढेच होते. ती माणूस आहे म्हणून तिची थट्टा करू नये, हा धडा कुणी शिकले नाही. याचा पुरावा पाच वर्षे आधी मिळाला होता. जानेवारी २००४ मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’वर विल्यम हंग हा बर्कली विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी शिकणारा तरुण आला. हाँगकाँगमधून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबातला हा मुलगा मनापासून गायला आणि नाचला; त्याला दोन्ही येत नव्हते. परीक्षकांना हसू आवरेना. त्याला मध्येच थांबवले गेले. त्यावर तो शांतपणे म्हणाला, की मी माझ्या परीने सर्वोत्तम प्रयत्न केला आहे, मला कसलीही खंत नाही. त्या खोलीत सभ्यपणे वागणारा तो होता. पुढे त्याच्या ध्वनिफितीही निघाल्या, लोकांनी त्या विकत घेतल्या. परंतु त्याच्यासाठी कुणाचे डोळे भरून आल्याचे पडद्यावर दिसले नाही.

ही उणीव ओळखूनच की काय, २०१० साली नेदरलँड्समध्ये ‘द व्हॉइस’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात परीक्षक पाठ फिरवून बसतात आणि स्वर आवडला तरच खुर्ची वळवतात. इटलीतील याच कार्यक्रमात मार्च २०१४ मध्ये क्रिस्तिना स्कुच्चा ही उर्सुलाइन धर्मभगिनी गायली. चारही खुर्च्या वळल्या, आणि व्रतस्थ वेष पाहून परीक्षक थक्क झाले. त्याच वर्षी ती विजयी झाली. युक्ती चांगली आहे. पण डोळे झाकले जातात ते फक्त परीक्षकांचे. प्रेक्षकाला वेष आधीच दिसतो, आणि त्याची मौज असते ती परीक्षकांची फजिती पाहण्यात. पुढे २०२२ मध्ये त्या भगिनीने व्रतस्थ जीवन सोडल्याचे जाहीर केले. तो तिचा आणि परमेश्वराचा प्रश्न आहे. पण ‘धर्मभगिनी गाते’ याच नवलाईवर टाळ्या वाजवणाऱ्या आपण, तो वेष उतरल्यावर तिचे गाणे किती ऐकले, हे आपल्यालाच विचारावे.

या स्पर्धांत काहीच चांगले नाही, असे मला म्हणायचे नाही. ज्याच्या पाठीशी घराणे नाही, ओळख नाही, पैसा नाही, त्याला त्यांनी दार उघडून दिले. झी मराठीवरील २००८–०९ च्या ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत या मुलांनी अभंग आणि नाट्यपदे पुन्हा घरोघरी नेली, आपल्या मुलांनीही ती गुणगुणली. शिवाय निवड म्हटली की नकार आलाच, आणि खोट्या स्तुतीपेक्षा खरा नकार अधिक दयाळू असतो. आमच्या सेमिनरीतही पारख होत असे. एखाद्या मुलाला हा मार्ग आपला नव्हे असे सांगायची वेळ आली, की रेक्टर त्याला खोलीत बोलावीत आणि दार लावून घेत. भावाचा दोष प्रथम एकांतात सांगावा, ही प्रभू येशूची शिकवण. ऑडिशनच्या कार्यक्रमात नेमके ते दार काढून टाकलेले असते.

पवित्र शास्त्रातही एक ऑडिशन आहे. शमुवेल संदेष्टा बेथलेहेमास इशायाच्या घरी राजा निवडायला जातो. थोरला अलीयाब पुढे येतो, आणि त्याची उंची पाहून शमुवेलाला वाटते, हाच तो. परमेश्वर त्याला तिथेच टोकतो: माणूस बाहेरचे रूप पाहतो, मी अंतःकरण पाहतो. सात मुलगे पुढून जातात. आठवा, धाकटा दावीद, मेंढरांकडे असतो. त्याला बोलवावे असे बापालाही सुचलेले नसते. या कथेकडे आपण दावीदाची निवड म्हणून पाहतो. पण तिच्यात परीक्षा झाली ती शमुवेलाची, आणि एवढा मोठा संदेष्टाही पहिल्या फेरीत चुकला. विशेष हे, की नाकारलेल्या सात भावांविषयी शास्त्रात तिथे एकही उपहासाचा शब्द नाही.

सुसन बॉइल त्या स्पर्धेत दुसरी आली. अंतिम फेरीनंतर थकव्यामुळे तिला रुग्णालयात ठेवावे लागले. सप्टेंबर २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे ग्लासगोला आले, तेव्हा बेलाहाउस्टन उद्यानात ती त्यांच्यासमोर गायली. आपल्याला ऑटिझमशी संबंधित ॲस्पर्गर सिंड्रोम असल्याचे निदान झाले आहे, हे तिने २०१३ मध्ये सांगितले. ज्या अवघडलेपणाला ते सभागृह हसले होते, त्याचे नाव जगाला तेव्हा कळले. लहानपणी शाळेतली मुलेही त्यालाच हसली होती.

हे सर्व मी कुणाला उपदेश म्हणून लिहिलेले नाही. तीसेक वर्षांपूर्वी, नवा साहाय्यक धर्मगुरू असताना, नाताळच्या गायनवृंदाची तालीम मी घेत होतो. एका मध्यमवयीन बाईंचा स्वर सारखा उतरत होता. मी तालीम थांबवली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, ‘बाई, तुम्ही नुसते ओठ हलवा.’ वृंद हसला. माझ्या विनोदावर मीच खूश झालो. त्या बाई पुढेही नेमाने मिस्साला येत राहिल्या, शेवटच्या बाकावर बसत राहिल्या. पण सारे मंदिर गात असतानाही त्यांचे ओठ मी पुन्हा हललेले पाहिले नाहीत. तिथे कॅमेरा नव्हता, प्रक्षेपण नव्हते, आणि परीक्षकाच्या खुर्चीत मी होतो. क्षमा मागायचे मी पुढे ढकलीत राहिलो, आणि मग माझी बदली झाली.

पुढच्या वेळी अशा घरी मला मधली खुर्ची मिळाली, आणि गाण्याआधीच हशा पिकला, तर मी मुलांना एवढेच विचारणार आहे: आपण कशाला हसलो? त्यांचे उत्तर ऐकायला मला थोडा वेळ थांबावे लागेल.