८९ टक्के : पण कोणत्या गोठ्यात?

बी.सी.जी. लसीमुळे गुरांतील क्षयरोगाचा प्रसार ८९ टक्क्यांनी घटतो, असा निष्कर्ष 'सायन्स' साप्ताहिकात मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. इथिओपियातील या प्रयोगाचे आम्ही स्वागत करतो. परंतु हा आकडा वसई-विरारच्या म्हशींच्या तबेल्यांना जसाच्या तसा लावता येईल काय?

प्रथम आकडा समजून घेऊ. लस टोचलेली वासरे बाधित गुरांच्या सहवासात ठेवली, तेव्हा त्यांना संसर्ग होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. म्हणजे १०० पैकी ४२ उरला. संसर्ग झालाच, तरी त्यांच्याकडून पुढे रोग पसरण्याचे प्रमाण ७४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे २६ टक्के उरले. ०.४२ × ०.२६ = सुमारे ०.११. शंभरातून हे ११ वजा केले की ८९. हा आकडा एकट्या जनावराच्या संरक्षणाचा नसून कळपातील प्रसाराचा आहे. दोन्ही पायऱ्या मोजल्या, हे या संशोधनाचे मोठेपण. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.

अडचण पुढे येते. लस संसर्गापूर्वी, वासरांना दिली होती, तीही गायींच्या. मुंबई परिसरातील तबेल्यांत दुभत्या म्हशी पुष्कळदा परप्रांतातून विकत आणतात आणि आटल्या की पाठवून देतात. जंतू आधीच शरीरात असेल, तर ही लस त्यावर औषध नव्हे. तेव्हा लसीकरण तबेल्यात नव्हे, तर म्हैस जन्मते त्या गावी सुरू व्हायला हवे.

दुसरी गोष्ट निदानाची. लस टोचलेले जनावर नेहमीच्या ट्युबरक्युलिन चाचणीत रोगी ठरू शकते. इसॅट-६ व सीएफपी-१० ही प्रथिने बी.सी.जी.मध्ये नसतात, त्यांवर आधारलेल्या चाचणीने हा भेद कळतो. लस आणि अशी चाचणी जोडीनेच यावी.

तरीही लसीचा विचार सोडून चालणार नाही. भारतात सुमारे २ कोटी १८ लाख गुरे बाधित असावीत, असा अंदाज २०१८ च्या एका संकलित अभ्यासात आहे. पाश्चात्य देशांप्रमाणे रोगी गुरे मारणे आपल्याला शक्य नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशहत्येवर बंदी आहे. म्हैस त्यात येत नाही, पण भरपाईविना ती गमावणे कोणत्या तबेलेवाल्याला परवडेल?

दूध उकळल्याने जंतू मरतात. त्यामुळे ग्राहक वाचतो. गोठ्यातली हवा श्वासात घेणारा कामगार मात्र वाचत नाही. या लसीची पारख त्याच्यासाठी, म्हशींवर आणि आपल्याच गोठ्यांत व्हावी, असे आम्हांला वाटते.