विलंबित मेघ, द्रुत मेघ

ढगांचे टाइम-लॅप्स चित्रण हा प्रकार आता इतका सुलभ झाला आहे की, त्याच्याविषयी गंभीरपणे काही लिहावे ही कल्पनाच पुष्कळांना हास्यास्पद वाटेल. कॅमेरा तिवईवर बसवायचा, दर काही सेकंदांनी एकेक चौकट टिपायची आणि त्या साऱ्या चौकटी नेहमीच्या वेगाने दाखवायच्या, की तासाभराचे आकाश अर्ध्या मिनिटात डोळ्यांपुढून निघून जाते. खिशातल्या मोबाइलमध्येही त्यासाठी एक बटण असते. पावसाळा जवळ आला की पनवेलच्या आसपासच्या डोंगरांवरची अशी चित्रणे मी पाहू लागतो. काही परिचितांनी केलेली असतात, काही मी स्वतः केली आहेत. पाहताना 'वा!' असा उद्गार हमखास निघतो. पण उद्गार म्हणजे आस्वाद नव्हे, आणि मूल्यमापन तर नव्हेच. इथे सुंदर वाटते ते ढगाचे सौंदर्य, की यंत्राची करामत? आणि दोन चित्रणे सारख्याच कौशल्याने केलेली असताना त्यांतले एक मनात राहते व दुसरे तासाभरात विरून जाते, ते का? या प्रश्नांची उत्तरे मला शोधून पाहायची आहेत.

या तंत्राचे कुळ आपल्याकडे मोठे आहे. भारतीय कथाचित्रपटाचा आरंभ आपण 'राजा हरिश्चंद्र'पासून, म्हणजे १९१३ पासून मोजतो. परंतु त्याच्याही आधी, लंडनहून कॅमेरा आणल्यावर १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी एका वाटाण्याच्या रोपाचे चित्रण केले होते. कुंडीत दाणा पेरला आणि तो रुजून वर येईपर्यंत, कित्येक दिवस, थोडे थोडे टिपत गेले. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखले जाणारे ते चित्रण पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. इंग्लंडात पर्सी स्मिथने फुलांच्या उमलण्याचे असेच चित्रण १९१० मध्ये लोकांपुढे आणले होते. तेव्हा आपल्या चित्रपटाने हरिश्चंद्राच्या सत्त्वाआधी एका अंकुराची उकल दाखवली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. डोळ्यांसमोर घडत असूनही न दिसणारे काही दाखवणे, हे या माध्यमाचे मूळचे सामर्थ्य आहे.

मात्र अंकूर आणि ढग यांत एक मोठा भेद आहे. अंकुराला कथा असते. दाणा फुटतो, कोंब वर येतो, पाने उलगडतात. आरंभ, मध्य आणि शेवट निसर्गानेच लावून ठेवलेला असतो, आणि चित्रण करणाऱ्याने केवळ धीर धरावा लागतो. ढगाला अशी कथा नाही. तो कोठून सुरू झाला आणि कोठे संपला हे सांगता येत नाही. तो एक वस्तू आहे असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. म्हणून ढगाच्या चित्रणात कथेच्या आधारावर काहीच तरून जात नाही. जे काही उभे राहायचे ते लयीवर उभे राहते.

पनवेलकरांना हे समजावून सांगायला दूरचे उदाहरण नको. गावाच्या दक्षिणेस, गोव्याच्या रस्त्यावर, कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका आहे. पावसाळ्यातल्या काही सकाळी त्याच्या माथ्यावर ढगाची टोपी बसलेली असते. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर ती तासन्‌तास जागची हलत नाही. कोणी कापूस पिंजून ठेवून द्यावा तशी दिसते. हीच टोपी दर पाच सेकंदांना एक चौकट या हिशेबाने टिपली, की वेगळाच प्रकार उघड होतो. टोपी स्थिर आहे, पण ढग स्थिर नाही. समुद्राकडून आलेली ओलसर हवा सुळक्याला अडून वर चढते, वर गेल्यावर गार होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. पलीकडे उतरताना ती पुन्हा उबदार होते आणि थेंब विरून जातात. एका अंगाने ढग अखंड जन्मतो आहे, दुसऱ्या अंगाने अखंड मरतो आहे, आणि या दोहोंच्या मधली जागा म्हणजे आपण ज्याला 'ढग' म्हणतो ती टोपी. नदीतला भोवरा जागेवर असतो आणि पाणी मात्र वाहून जाते, तसेच हे. जपानातल्या मासानाओ आबे या पदार्थवैज्ञानिकाने १९२० ते १९४० च्या दरम्यान फुजी पर्वतावरच्या ढगांची चित्रणे वर्षानुवर्षे केली, ती वाऱ्याचे हे अदृश्य मार्ग शोधण्यासाठीच. आज त्यांतील चित्रे शास्त्राच्या जिज्ञासूंइतकीच चित्रकलेचे रसिकही पाहतात, यात मला नवल वाटत नाही. सत्य नेमकेपणाने दाखवले गेले की सौंदर्य पुष्कळदा न बोलावता येते.

दुसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. भर पावसाळ्यात आकाश बहुधा एकसारखे करडे असते आणि चित्रण करणारे निराश होतात. पण मधेच उघडीप पडते, खालच्या ढगांच्या थराला भेगा जातात आणि त्या भेगांतून फार उंचावरचे, पिसांसारखे ढग दिसू लागतात. खालचे काळे ढग समुद्राकडून माथेरान-प्रबळच्या रांगेकडे, म्हणजे पूर्वेकडे धावत असतात. चित्रण वेगाने पाहिले की लक्षात येते, वरचे पांढरे ढग नेमके उलट, पश्चिमेकडे चालले आहेत! पावसाळ्यात जमिनीलगत पश्चिमेचा वारा असतो आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेचा जोरदार प्रवाह. हा वरचा प्रवाह आपल्याच हवामानखात्याचे पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये विद्वानांपुढे मांडला. नुसत्या डोळ्यांना ही दुहेरी चाल सहसा जाणवत नाही, कारण वरचे ढग दूर असल्याने जवळजवळ थांबलेलेच दिसतात.

इथे मला मर्ढेकरांची आठवण होते. 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ च्या ग्रंथात त्यांनी सौंदर्याची घटना लयीत शोधली आणि संवाद, विरोध व समतोल अशी तिची तत्त्वे सांगितली. त्यांची मीमांसा साहित्याला कितपत लागू पडते याविषयी पुष्कळ वाद झाले. ढगांच्या चित्रणाला ती विनासायास लागू पडते, कारण इथे अर्थाचा अडथळाच नाही. दोन थरांच्या उलट चालींत विरोध आहे. टोपीच्या दोन कडांवर घडणे आणि विरणे यांचा समतोल आहे. डोंगराच्या रेषेला समांतर लोळत जाणाऱ्या धुक्यात संवाद आहे. मनात राहणाऱ्या चित्रणांत यांपैकी काहीतरी स्पष्ट झालेले असते. विरून जाणाऱ्या चित्रणांत केवळ धावपळ असते.

या धावपळीचे मूळ अंतराच्या निवडीत आहे. दर पाच सेकंदांना एक चौकट घेतली तर तासाला सातशेवीस चौकटी होतात. सेकंदाला चोवीस या गतीने त्या तीस सेकंदांत संपतात. म्हणजे ढग एकशेवीस पट वेगाने धावतो. दर सेकंदाला एक चौकट घेतली तर हाच तास अडीच मिनिटे चालतो, आणि दर तीस सेकंदांना घेतली तर अवघ्या पाच सेकंदांत आटोपतो. आकाश तेच, तास तोच. पण पहिल्यात ढग उकळतो, दुसऱ्यात तो चालतो आणि तिसऱ्यात नुसता लुकलुकतो. कवीच्या हाती वृत्त असते तसे इथे हे अंतर असते. ते ठरवण्यात करणाऱ्याची सारी दृष्टी आहे. काही मोबाइल मात्र हा निर्णय स्वतःच घेतात. चित्रण जितके लांबेल तितके चौकटींमधले अंतर ते आपोआप वाढवतात, त्यामुळे वीस मिनिटांचे आकाश असो की तीन तासांचे, फळ सारखे अर्ध्या मिनिटाचेच पदरात पडते. माझा या यंत्रांवर राग नाही. पण ज्या कवीचे वृत्त छापखाना ठरवतो, त्याच्या कवितेची आपण चर्चा कशी करणार?

वृत्ताचा विषय निघालाच आहे तर मेघाच्या सर्वांत मोठ्या कवीकडे वळणे भाग आहे. कालिदासाने 'मेघदूता'साठी मंदाक्रांता हे वृत्त घेतले. नावातच सावकाश पावले आहेत. परंतु त्याची घडण तपासली तर ते सर्वत्र मंद नाही असे दिसते. आरंभी चार गुरू अक्षरे जड पावलांनी येतात आणि थांबतात. मग पाच लघूंची एक धाव येते व ती एका गुरूवर विसावते. आणि शेवटी सात अक्षरांचा हेलकावा. थबकणे, धावणे, झुलणे: ही मेघाचीच चाल आहे. यक्ष त्या मेघाला जे सांगतो तेही याला धरूनच आहे. दमलास तर पर्वतशिखरांवर टेक, क्षीण झालास तर नद्यांचे पाणी पी, उज्जयिनीला वाकडी वाट करून जा आणि महाकालाच्या मंदिरी संध्याकाळ होईपर्यंत थांब. विरहाने व्याकूळ झालेला माणूस दूताला घाई करायला सांगत नाही, हे या काव्याचे मोठेच आश्चर्य आहे. आपल्या रायगड जिल्ह्याचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख यांनी रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत वावरत असतानाही या काव्याचा मराठी अनुवाद केला. त्यांनाही ही सावकाशी हवीशी वाटली असावी असे मला वाटते.

आमची चित्रणे मेघाला टेकू देत नाहीत. एकच अंतर, एकच वेग, पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत. ख्यालगायनाची उपमा द्यायची तर ही विलंबितावाचून गायलेली द्रुत आहे. द्रुत लयीत लज्जत आहे याविषयी वाद नाही. पण ती कशाची द्रुत आहे हे ठाऊक असावे लागते. ज्या श्रोत्याने विलंबितात राग उलगडताना ऐकला आहे त्यालाच तानेचा अर्थ लागतो. ज्याने कर्नाळ्याची टोपी तासभर निश्चल पाहिली आहे, त्यालाच तिचे खळाळणे पाहून धक्का बसतो. इतरांना तो केवळ एक वेगवान ढग. त्यावर वाद्यवृंदाचे चढत जाणारे संगीत घातले की उरलीसुरली लयही बुजून जाते.

याचा अर्थ वेग वाईट असा मुळीच नाही. गॉडफ्रे रेजिओच्या 'कोयानिस्कात्सी' या १९८२ च्या चित्रपटात ढग डोंगरांवरून प्रपातासारखे कोसळतात, लाटांशी एकरूप होतात आणि पुढे त्याच वेगाने शहरातल्या मोटारी आणि माणसे धावू लागतात. फिलिप ग्लासचे संगीतही तिथे आहेच. पण तिथे वेग हाच विषय आहे. ढगाला शोभणारा वेग माणसाला शोभत नाही, हे एकही शब्द न बोलता तो चित्रपट सांगून जातो. म्हणजे वेगाचे कारण कृतीच्या आतून आले पाहिजे. ते बटणातून येऊन चालणार नाही.

या तंत्राच्या काही मर्यादा मात्र करणाऱ्याच्या कौशल्याने ओलांडता येत नाहीत, आणि त्या टीकेने सांगितल्या पाहिजेत. दोन चौकटींच्या मधे जे घडते ते नाहीसे होते. कर्नाळ्याचे अभयारण्य पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथल्या या चित्रणांत पक्षी उडताना दिसत नाही. सापडलाच तर एका चौकटीपुरता काळा ठिपका. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उडू लागलेली विमानेही अशीच क्षणभर चमकून जातात. वाऱ्याचा आवाज नाहीसा होतो आणि मुख्य म्हणजे पाऊस नाहीसा होतो. पाऊस पडताना दिसत नाही. दिसतो एक धुरकट पडदा. प्रबळच्या शेजारच्या इर्शाळगडावर ढग उतरतानाची चित्रणे फार मोहक असतात. त्याच गडाच्या अंगावरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री, संततधार पावसात, दरडीखाली गाडली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले. सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली. हे लिहिताना त्या डोंगरावरच्या ढगांना कोणी सुंदर म्हणू नये असा माझा आग्रह नाही. परंतु ज्या तंत्रात पावसाचे दिवस अर्ध्या मिनिटात सरतात, त्यात त्या दिवसांचे ओझेही सरते, हे विसरून चालणार नाही. वाडीतल्या माणसांनी ते दिवस एकेक करून काढले होते.

मग या प्रकाराला कला म्हणावे काय? माझ्या मते म्हणावे, एका अटीवर. अंकुराच्या चित्रणाने फाळक्यांच्या प्रेक्षकाला दाखवले की कुंडीतले रोप न दिसता वाढते आहे. ते चित्रण पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी साध्या कुंडीकडेही वेगळ्या नजरेने पाहणार. ढगांच्या चित्रणाची कसोटी हीच असावी. ते पाहून झाल्यावर खिडकीबाहेरचा न हलणारा ढग कंटाळवाणा वाटू लागला, तर त्या चित्रणाने आपले डोळे बिघडवले. उलट, त्या निश्चल ढगाकडे पाहताना त्याच्या एका कडेला घडणे आणि दुसऱ्या कडेला विरणे जाणवू लागले, तो स्थिर दिसत असूनही वाहतो आहे हे मनाला पटले, तर त्या अर्ध्या मिनिटाने आपले काम केले. अशी चित्रणे थोडी आहेत. पण आहेत, आणि ती करणारे बहुधा तेच असतात, ज्यांनी बटण दाबल्यावर मान खाली घातली नाही, कॅमेऱ्याशेजारी बसून तो संपूर्ण तास स्वतःही पाहिला.