सदोष नाण्यांचें मोल

हल्लीं जुन्या नाण्यांच्या बाजारांत 'टांकसाळीची चूक' या नांवाखालीं एक निराळाच भाव निघाला आहे. ठसा सरकला, अक्षरें अर्धीं उमटलीं, कीं त्या नाण्याची किंमत चढली. चिंचवड येथील एका गृहस्थांनीं अशीं दोन नाणीं आमच्यापुढें ठेविलीं. एक तांब्याची शिवराई. तिच्यावर 'श्री राजा शिव' पैकीं 'राजा' एवढेंच पुरें, आणि मागें 'छत्र' तेवढें उमटून 'पति' चकतीबाहेर गेलेलें. दुसरें चालू काळाचें रुपयाचें नाणें. त्याच्या एका बाजूस अक्षरें उलटीं व खोलगट. दोहोंबद्दलही त्यांनीं चुकीखातर जादा पैसे मोजले होते.

व्याकरणांत उत्सर्ग ठाऊक असल्यावांचून अपवाद सांगतां येत नाहीं. शिवराई हातानें पाडीत. खालच्या ठशावर चकती ठेवावयाची, वरून दुसरा ठसा धरून घण मारावयाचा. चकती कड्यांत बसविलेली नसे व पुष्कळदां ठशाहून लहानच असे. तेव्हां लेख अपुरा उमटणें हा तेथें उत्सर्ग, आणि सबंध लेखाची शिवराई हाच अपवाद. अपुऱ्या लेखास चूक ठरवून जादा दाम मागणें म्हणजे गिऱ्हाइकाच्या अज्ञानाचे पैसे घेणें होय. रुपयांवर दिसणाऱ्या सराफांच्या पारखीच्या खुणाही याच सदरांत घातलेल्या आम्ही पाहिल्या आहेत!

पेशवाईंत खुद्द चिंचवडासही टांकसाळ होती. सोनार-सावकारांस परवाने देऊन अशा टांकसाळी चालत, हें न्यायमूर्ति रानडे यांच्या १८९९ सालच्या निबंधावरून सर्वश्रुत आहे. त्या काळीं सराफ वजन व कस पाही, आणि नाणें उणें ठरल्यास बट्टा कापी. आज त्याच उणेपणावर उलट चढ मिळतो.

मग हातानें पाडलेल्या नाण्यांत चूक नसतेच काय? असते, पण ती ठसा कोरणाराची. 'शिव' च्या जागीं 'सिव' किंवा 'शीव', 'छत्रपति' च्या जागीं 'छत्रपती' असे पाठभेद शिवरायांवर आढळतात. शाळेंत ह्रस्व-दीर्घाच्या ज्या चुकीबद्दल आम्ही जन्मभर गुण कापले, तीच येथें मोलाची ठरते. कारण तिच्यावरून निरनिराळे ठसे ओळखतां येतात. फार काय, एका नाण्यावर लेखाचा वरचा भाग असावा, दुसऱ्यावर खालचा, आणि दोन्हीं एकाच ठशाचीं निघालीं तर सबंध ठसा वाचतां येतो. म्हणूनच एका ठिकाणीं सांपडलेल्या निधींतून 'चुकीचीं' नाणीं वेंचून विकणारा मनुष्य आम्हांस नाणीं वितळविणाऱ्याइतकाच अपराधी वाटतो. निधीची वर्दी कलेक्टरास देण्याचा १८७८ चा कायदा त्यास ठाऊक नसतो असेंही नाहीं.

यंत्राच्या नाण्याचा न्याय निराळा. १८३५ च्या कायद्यानें कंपनीचा एकसारखा रुपया सुरू झाला, तेव्हांपासून सारखेपणा हा नियम झाला आणि त्याचा भंग दुर्मिळ. आधींचें नाणें ठशास चिकटून राहिलें, तर पुढच्या चकतीच्या एका बाजूस नेहमींची उठावदार आकृति येते व दुसरीस तीच आकृति उलटी व खोल उमटते. अशा खऱ्या चुकीस मोल आहे. परंतु दोन रुपये व्हाइसमध्यें आवळूनही वरवर असेंच रूप आणतां येतें. तेव्हां खोल अक्षरांखालीं मूळ उठावाचे अवशेष दिसतात कीं काय, आणि पाठीमागचीं अक्षरें चेपलीं आहेत काय, हें भिंगानें पाहिलें पाहिजे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत प्रेसवर काम करणारा कारागीर हा भेद पुष्कळ पंडितांहून लवकर सांगेल.

त्या गृहस्थांच्या रुपयावर दोन्ही लक्षणें होतीं. तें ऐकून त्यांस वाईट वाटलें. शिवराई मात्र आम्ही तोलून, दोन्ही बाजूंचे कागदावर ठसे घेऊन त्यांस परत केली. त्या 'राजा' चा जोडीदार ठसा शोधण्याचें काम चालू आहे.