शतावरीने दूध वाढते?

बाळंतिणीला शतावरी दिली आणि दूध वाढले; म्हणजे ते शतावरीनेच वाढले का? बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात दूध एरवीही वाढतेच. म्हणून तुलनेसाठी शतावरी न घेणाऱ्या मातांचा गट हवा. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत असा गट होता. शतावरीयुक्त औषधाने प्रोलॅक्टिन हे दूधनिर्मितीचे संप्रेरक वाढले नाही. २०११ च्या चाचणीत मात्र वाढले. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात ४१ चाचण्या तपासल्या. वनौषधींबाबतचा पुरावा कच्चाच निघाला. यावरून शतावरी निरुपयोगी ठरत नाही, पण जाहिरातींतली खात्रीही टिकत नाही. वारंवार पाजल्याने दूध वाढते, हे पक्के. चूर्ण देण्याआधी मातेला हे सांगायला हवे. कारण उपाशी राहते ते बाळ.